चौकोनांची सममिती



वसंत ऋतूतल्या अशा संध्याकाळी श्रोते येतात ते इतिहास, वाङ्मय किंवा राजकारण ऐकायला. व्याख्यानमालेच्या चालकांनी आज आपल्यापुढे गणिताचा एक निवृत्त मास्तर उभा केला आहे, आणि त्यानेही विषय निवडला आहे तो चौकोनांचा! पत्रिकेत हे वाचून आपल्यापैकी पुष्कळांना शाळेतल्या भूमितीच्या तासाची आठवण झाली असेल आणि ती काही फारशी गोड नसेल. तरीही आपण आलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मी फळा मागितलेला नाही आणि कुणाला उभे करून प्रमेयही विचारणार नाही. दारात स्वयंसेवकांनी आपल्या हाती कार्यक्रमाचे पत्रक दिले आहे. तेवढेच आजच्या व्याख्यानाचे साहित्य. ते हातात घ्यावे अशी विनंती आहे.

पत्रक आयताच्या आकाराचे आहे. माझा प्रश्न साधा आहे. या कागदाची घडी अशी घालायची, की घडीच्या एका बाजूचा भाग दुसऱ्या बाजूच्या भागावर तंतोतंत बसावा, कुठे टोक बाहेर येऊ नये आणि कुठे कागद उघडा राहू नये. अशा घड्या किती रीतींनी घालता येतील? घालण्याआधी मनाशी उत्तर ठरवा.

मी आयुष्यभर हा प्रश्न मुलांना विचारला आणि मोठ्यांनाही विचारला. काही जण म्हणतात, दोन. एक उभी घडी आणि एक आडवी. पुष्कळ जण म्हणतात, चार. उभी, आडवी आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतच्या दोन तिरप्या. चार म्हणणाऱ्यांनी ओशाळे होण्याचे कारण नाही, शहाणीसुरती माणसे तसे म्हणतात. पण आता त्या तिरप्या रेघेवर, म्हणजे कर्णावर, प्रत्यक्ष घडी घालून पाहा. हातच्या कांकणाला आरसा कशाला? काय झाले? एक टोक इकडे बाहेर आले, दुसरे तिकडे. कोपऱ्यावर कोपरा काही बसला नाही. आयताच्या घड्या दोनच.

मग आपला डोळा फसला का? मला वाटते, डोळा फसला नाही. त्याने एक खरी गोष्ट पाहिली आणि तिच्यावरून दुसरी, खोटी गोष्ट गृहीत धरली. कर्णाने आयताचे दोन सारखे भाग होतात, हे अगदी खरे आहे. कर्णावर कात्री चालवली तर दोन त्रिकोण मिळतील; त्यांच्या बाजू सारख्या, कोन सारखे, क्षेत्रफळ सारखे. पण ‘सारखे दोन भाग’ होणे निराळे आणि ‘समोरासमोरचे दोन भाग’ होणे निराळे. चपलांचा दाखला घेऊ. एका जोडीतल्या डाव्या आणि उजव्या चपला समोरासमोर ठेवा. एक दुसरीचे आरशातले रूप आहे. आता दुकानदाराने चुकून दोन्ही डाव्या चपला बांधून दिल्या असे समजा. त्याही सारख्याच आहेत, किंबहुना जास्तच सारख्या आहेत, पण तो जोड नव्हे. आयताचे कर्णाने झालेले दोन त्रिकोण हे दोन डाव्या चपलांसारखे आहेत. टेबलावर अर्धा फेरा फिरवला की एक दुसऱ्याच्या जागी जातो. घडीने मात्र जात नाही.

ज्या रेघेवर घडी घातली असता आकृतीचा एक भाग दुसऱ्यावर तंतोतंत बसतो, त्या रेघेला आपण सममितीचा अक्ष म्हणतो. शाळेच्या पुस्तकात ही व्याख्या दोन ओळींत असते, मग चित्रांची एक रांग असते आणि खाली ‘अक्ष काढा’ असे लिहिलेले असते. मुले रेघा ओढतात. फार थोडी मुले कागद दुमडतात. रेघ ओढणे हे मत झाले आणि घडी घालणे ही परीक्षा झाली. मत देऊन मोकळे होण्याची सवय आपणां सर्वांनाच असते. परीक्षा घ्यायला हात उचलावा लागतो.

आता एक पाऊल पुढे जाऊ. आयताचे झाले. पण कोणताही चौकोन घेतला तर त्याला अक्ष किती प्रकारांनी असू शकेल? चौकोन तर अगणित आहेत, एकेक दुमडून पाहत बसायचे म्हटले तर जन्म पुरणार नाही. इथे थोडा विचार केला की काम हलके होते. घडी घालताना चौकोनाच्या चार कोपऱ्यांकडे लक्ष ठेवा. कोपऱ्यावर कोपराच बसला पाहिजे. तेव्हा प्रत्येक कोपरा एक तर घडीच्या रेघेवर असेल, नाही तर त्याला पलीकडे जोडीदार असेल. कोपरे चार. घडीवर एकच कोपरा असला तर उरले तीन, आणि तिघांच्या जोड्या लागत नाहीत. घडीवर तीन असले तर उरला एक, तो बिचारा एकटा. चारही एका रेघेवर आले तर चौकोनच राहिला नाही. तेव्हा दोनच शक्यता उरतात. घडी समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून जाईल, किंवा एकाही कोपऱ्यातून जाणार नाही.

पहिल्या प्रकारात घडी दोन कोपऱ्यांतून जाते आणि बाकीचे दोन कोपरे एकमेकांवर बसतात. हा आकार आपल्या ओळखीचा आहे. संक्रांतीच्या सुमारास तो आभाळात दिसतो आणि भूमितीतही त्याला पतंगच म्हणतात. पतंगाच्या मधली सरळ कामटी म्हणजे त्याचा अक्ष. तिच्या एका अंगाला कागद जरा जास्त झाला किंवा खळ जास्त लागली, की पतंग त्या बाजूला कलतो. मग जाणती मुले दुसऱ्या अंगाला चिंधी किंवा कागदाचा तुकडा बांधून तोल साधतात. अक्ष हा कागदावरचा खेळ नाही, वाऱ्यालाही तो समजतो.

दुसऱ्या प्रकारात घडी कोपऱ्यांना स्पर्श न करता समोरासमोरच्या दोन बाजूंच्या मध्यांतून जाते. या दोन्ही बाजू घडीला काटकोनात असतात, म्हणून त्या एकमेकींना समांतर असतात. एक लांब, एक आखूड, आणि तिरप्या बाजू सारख्या. याला समद्विभुज समलंब चौकोन असे लांबलचक नाव आहे. नाव ऐकून भिऊ नका, कारण हा आकार आपल्या पूर्वजांच्या चांगल्या परिचयाचा होता. शुल्बसूत्रांत सोमयागाच्या महावेदीची मापे दिली आहेत. पूर्वेकडची बाजू २४ पदे, पश्चिमेकडची ३० पदे आणि पूर्व-पश्चिम लांबी ३६ पदे. ही वेदी आखायची कशी? आधी बाजू आखत नाहीत. आधी पूर्व-पश्चिम दोरी ताणतात. तिला प्राची म्हणतात, पृष्ठ्या म्हणजे पाठीचा कणा असेही म्हणतात. मग पश्चिम टोकाला दोरीच्या दोन्ही अंगांना १५-१५ आणि पूर्व टोकाला १२-१२ पदे मोजून खुंट्या ठोकतात. म्हणजे आधी अक्ष, मग आकृती. पूर्वेकडच्या दोन कोपऱ्यांना नाव आहे अंस, म्हणजे खांदे. पश्चिमेकडच्यांना श्रोणी, म्हणजे कंबरेचा भाग. कण्याच्या दोन बाजूंना समोरासमोर अवयव असलेले माणसाचे शरीरच त्यांनी जमिनीवर आखले, म्हणा ना.

आपस्तंबाने याच वेदीचे क्षेत्रफळ दिले आहे, हजाराला अठ्ठावीस कमी, म्हणजे ९७२ चौरस पदे. ते कसे काढावे हेही तो सांगतो. दक्षिणेच्या बाजूचा तिरपा त्रिकोणी तुकडा कापायचा आणि उलटा करून उत्तरेच्या बाजूला बसवायचा. तो तिथे नेमका बसतो, कारण दोन्ही अंगे समोरासमोर सारखी आहेत. वेदीचा आयत होतो, २७ रुंद आणि ३६ लांब. गुणाकार आपण घरी करून पाहावा.

एक अक्ष असलेले चौकोन झाले. आता दोन अक्ष असले तर काय? दोन्ही अक्ष कोपऱ्यांतून जाणारे असतील तर आकृती दोन्ही दिशांनी पतंग ठरते, चारही बाजू सारख्या होतात आणि समभुज चौकोन मिळतो. दोन्ही अक्ष बाजूंच्या मध्यांतून जाणारे असतील तर चारही कोन सारखे होतात आणि आपला आयत मिळतो. एक अक्ष कोपऱ्यांतून आणि एक मध्यांतून असेल तर? मग आकृतीला दुसरी वाटच राहत नाही, तिला चौरस व्हावे लागते आणि उरलेले दोन अक्ष आपोआप येतात. चौरसाला चार अक्ष. दोन उभे-आडवे, दोन तिरपे.

हातातल्या पत्रकाकडे पुन्हा या. लहानपणी होडी करण्यासाठी लांबट कागदाचा चौरस कसा करत होता ते आठवते? आखूड बाजू लांब बाजूवर बसेल अशी तिरपी घडी घालायची आणि जी पट्टी बाहेर उरेल ती फाडून टाकायची. त्या पट्टीमुळेच आयताला तिरपा अक्ष मिळत नव्हता. पट्टी गेली आणि अक्ष आला. हे प्रमेय आपण सहा-सात वर्षांचे असताना सिद्ध केले होते, फक्त त्याला प्रमेय म्हणतात हे कुणी सांगितले नव्हते.

शून्य, एक, दोन आणि चार अक्षांचे चौकोन झाले. आता तीन अक्षांचा चौकोन आणून दाखवा. आपल्या घरी चिकित्सक मुले असतील तर त्यांना हे काम सुट्टीत द्या. दुपार शांततेत जाईल. असा चौकोन नाही. कारण तीन अक्ष असले म्हणजे ते एका बिंदूतून सारख्या अंतरावर जातात आणि मग एक तृतीयांश फेरा फिरवला तरी आकृती तशीच दिसावी लागते. तसे फिरवले की कोपरे तिघा-तिघांच्या गटाने जागा बदलतात. चौथ्याने जायचे कुठे?

त्रिकोणाचे पाहिले तर त्याला अक्ष एकही नाही, एक किंवा तीन. दोन कधीच नाहीत. पंचकोनाला एकही नाही, एक किंवा पाच. षट्कोनाला एकही नाही, एक, दोन, तीन किंवा सहा. या आकड्यांत आपल्याला काही दिसते का? अक्ष असलेच तर त्यांची संख्या बाजूंच्या संख्येला नि:शेष भागते. चारचे भाजक एक, दोन, चार. पाचचे भाजक एक आणि पाच. कागदाच्या घडीतून आपण भागाकारापाशी येऊन पोहोचलो! ज्या भगिनी सात ते चार ठिपक्यांची रांगोळी काढतात त्यांच्या हाताला हे ठाऊक आहे. त्या ठिपक्यांचा षट्कोन होतो, त्याला सहा अक्ष असतात, आणि एका पाकळीचा आकार ठरला की बाकीच्या पाच विचारावे न लागता येतात.

कुणी विचारील, हे सगळे गमतीचे आहे, पण याचा उपयोग काय? उपयोग असा, की ज्या गोष्टी शाळेत आपण एकेक करून पाठ केल्या त्या घडीतून आपोआप निघतात. आयताचे कर्ण सारखे असतात, हे आपण पाठ केले. मधोमध घडी घाला. एक कर्ण दुसऱ्यावर जाऊन बसतो, म्हणून ते सारखे. समभुज चौकोनाचे कर्ण एकमेकांना काटकोनात छेदतात, हेही पाठ केले. एका कर्णावर घडी घाला. दुसऱ्या कर्णाची दोन टोके एकमेकांवर येतात, म्हणून काटकोन. चौरसाला दोन्ही प्रकारचे अक्ष आहेत, म्हणून त्याला दोन्ही गुण आहेत. पाठांतराचे ओझे किती हलके झाले पाहा.

युक्लिडने ग्रंथाच्या आरंभी चौकोनांच्या ज्या व्याख्या दिल्या, त्यांत चौरस निराळा आणि आयत निराळा मानला. ज्याच्या बाजू सारख्या तो आयत नव्हे, असा त्याचा दंडक. मुलेही म्हणतात, ‘सर, चौरस म्हणजे आयत कसा असेल?’ अक्षांच्या दृष्टीने पाहिले तर हा वाद मिटतो. आयताला जे दोन अक्ष हवेत ते चौरसाजवळ आहेतच, आणखी दोन जास्त आहेत. ज्याच्याजवळ जास्त आहे त्याला घरातून का काढावे?

सुताराचे पाहा. दाराची चौकट जुळवली की तो कोपऱ्याला गुण्या लावतोच, पण चौकट मोठी असली तर तेवढ्यावर विसंबत नाही. तो एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप धरतो, मग दुसऱ्या जोडीला धरतो. समोरासमोरची लाकडे सारखी आहेत हे त्याने आधीच पाहिलेले असते; दोन्ही तिरपी मापे सारखी आली की चौकट काटकोनात आहे असे तो समजतो, आणि त्याचे समजणे बरोबर असते.

आणि मापे सारखी आली नाहीत तर? तर चौकट तिरकी झाली आहे. लाकडे तीच, लांबी-रुंदी तीच, पण आकृती निराळी. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या लीलावतीत याच गोष्टीवर बोट ठेवले आहे. चार बाजू दिल्या म्हणजे चौकोन ठरत नाही. कर्ण किंवा लंब सांगितल्याशिवाय जो त्याचे नेमके क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच, आणि जो उत्तर देतो तो त्याच्याहून मोठा पिशाच, अशा अर्थाचे कडक शब्द त्यांनी वापरले आहेत. परीक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी दोघांनीही लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

त्या तिरक्या चौकटीकडेच मला आपणांस आणायचे होते. आयताकार चौकट एका कोपऱ्याला दाबली की समांतरभुज चौकोन होतो. समोरासमोरच्या बाजू समांतर, सारख्या, सगळे कसे नीटनेटके. पाहणाऱ्याला वाटते, याला एखादा तरी अक्ष असेलच. घडी घालून पाहा. उभी घाला, आडवी घाला, तिरपी घाला. आयताचे दोन्ही अक्ष दाबताक्षणी गेले आणि नवा एकही आला नाही. चार सारख्या लाकडांची चौरस चौकट दाबली तर निदान कर्णांवरचे दोन अक्ष टिकतात. इथे मात्र शून्य.

पुष्कळ वर्षांपूर्वी आठवीच्या एका परीक्षेत मी प्रश्न घातला होता, पुढीलपैकी कोणत्या आकृत्या सममित आहेत? आकृत्यांत एक समांतरभुज चौकोन होता. मुलांना चकवण्यासाठीच तो घातला होता, हे कबूल केले पाहिजे. एका मुलीने त्यावर ‘सममित आहे’ अशी खूण केली आणि समासात बारीक अक्षरात लिहिले, ‘उलटा धरला तरी तसाच दिसतो.’ मी लाल शाईने फुली मारली. पेपर मिळाल्यावर ती माझ्याकडे आली. तिने पुठ्ठ्याचा समांतरभुज चौकोन कापून आणला होता आणि मधोमध टाचणी टोचली होती. वहीवर ठेवून तिने त्याच्या कडेने पेन्सिल फिरवली आणि मग टाचणीभोवती अर्धा फेरा दिला. पुठ्ठा पुन्हा त्याच रेघांत बसला. ती म्हणाली, ‘सर, हलवला हे कळतच नाही.’ मी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, ‘पुस्तकात काय आहे ते लिहीत जा.’

ती गेली. वर्गात ती पुढे कधी आपण होऊन प्रश्न विचारायला उठली नाही. ती आज कुठे आहे, मला ठाऊक नाही.

मी त्या वेळी चुकलो, हे मला फार उशिरा कळले. मी ‘अक्ष किती?’ असे विचारले असते तर तिने शून्यच लिहिले असते. मी विचारले, ‘सममित आहे का?’ प्रश्न माझा अर्धवट होता आणि उत्तर तिचे पूर्ण होते.

कारण घडी ही सममितीची एक रीत झाली, एकमेव नव्हे. मुले कागदाचे भिरभिरे करतात. चौरस कागद घेतात, कोपऱ्यांपासून मध्याकडे काप देतात आणि प्रत्येक कोपऱ्याचे एकेक टोक एकाच दिशेने वळवून मध्ये टाचतात. चौरसाला चार अक्ष होते, भिरभिऱ्याला एकही उरला नाही. आणि उरला नाही म्हणूनच ते फिरते! दोन्ही अंगे समोरासमोर सारखी असती तर समोरून येणाऱ्या वाऱ्याने डावीकडे फिरवायचे की उजवीकडे? पण पाव फेरा फिरवले की भिरभिरे पुन्हा जसेच्या तसे. उंबऱ्यावर काढतो ते स्वस्तिक याच जातीचे. त्याला एकही अक्ष नाही. आरशात पाहिले तर त्याचे हात उलट दिशेला वळलेले दिसतील. तरी स्वस्तिक बेढब आहे असे कोण म्हणेल? अंगणातले तगरीचे फूल पाहा. पाच पाकळ्या, पण प्रत्येक एकाच अंगाला कललेली. फिरवा, तसेच दिसेल. घडी मात्र जमणार नाही.

जर्मनीत फेलिक्स क्लाइन नावाचे गणिती होऊन गेले. १८७२ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, एर्लांगेनच्या विद्यापीठात प्राध्यापक म्हणून जाताना त्यांनी भूमितीकडे पाहण्याची नवी दृष्टी मांडली. तिचे सार साध्या शब्दांत असे सांगता येईल, की आकृतीला काय काय करता येते आणि ते केल्यावर तिच्यात काय बदलत नाही, याचा अभ्यास म्हणजे भूमिती. या दृष्टीने आपले चौकोन पुन्हा मोजू. आकृती आपल्या जागेवर परत बसेल अशा हालचाली किती, हे मोजायचे. मुळीच न हलवणे हीही एक धरायची. चौरसाच्या आठ, चार घड्या, तीन फेरे आणि एक स्वस्थ. आयताच्या चार, दोन घड्या, अर्धा फेरा आणि स्वस्थ. समभुज चौकोनाच्याही चारच. पतंगाच्या दोन, एक घडी आणि स्वस्थ. आणि समांतरभुज चौकोनाच्या? अर्धा फेरा आणि स्वस्थ, म्हणजे दोनच. ज्या पतंगाला आम्ही मानाने सममित म्हणत आलो आणि ज्या समांतरभुज चौकोनाला आम्ही फुली मारत आलो, ते दोघे एका पंगतीला बसले. त्याचे कर्ण एकमेकांना बरोबर मध्यावर छेदतात, हे जे आम्ही पाठ करून घेत होतो, ते त्या अर्ध्या फेऱ्यातूनच निघते. त्या मुलीने टाचणी टोचली होती ती त्याच बिंदूत.

याच क्लाइन यांची दृष्टी आपल्या देशातल्या एका लहानशा पुस्तकाकडे गेली होती, हे सांगताना मला आनंद वाटतो. मद्रास इलाख्यात महसूल खात्यात काम करणाऱ्या टी. सुंदरराव यांनी १८९३ साली कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक मद्रासला प्रसिद्ध केले. बालवाडीतल्या मुलांच्या कागद दुमडण्याच्या खेळावरून ही कल्पना सुचली, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. कंपास नाही, काही नाही; कागद आणि चाकू. त्यावर त्यांनी चौरस, पंचकोन, षट्कोन आणि पुढे कितीतरी वक्ररेषा उभ्या केल्या. क्लाइन यांनी आपल्या लेखनात या पुस्तकाचा उल्लेख केला, त्यामुळे ते परदेशी अभ्यासकांना ठाऊक झाले आणि १९०१ मध्ये शिकागोहून त्याची आवृत्ती निघाली. सरकारी कचेरीतल्या माणसाने बालवाडीच्या खेळाकडे गंभीरपणे पाहिले. एका मुलीच्या टाचणीकडे तसे पाहण्याची संधी मला घरबसल्या आली होती.

आणखी एक दाखला देऊन आटोपतो. आपला राष्ट्रध्वज आयताकृती आहे, लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२. नुसत्या आयताला दोन अक्ष आहेत. पण वर केशरी आणि खाली हिरवा रंग आहे, म्हणून आडवा अक्ष जातो. उभा तेवढा राहतो. मधल्या अशोकचक्राला २४ आरे आणि २४ अक्ष आहेत. बारा आऱ्यांवरून जाणारे, बारा दोन आऱ्यांच्या मधून जाणारे. चक्र कसेही दुमडा, पण ध्वजाची घडी एकाच रेघेवर जुळते. आकृती, रंग, चिन्ह, प्रत्येकाचे अक्ष निराळे. काय पाहतो आहोत हे ठरवल्याशिवाय ‘सारखे आहे’ किंवा ‘सारखे नाही’ असे म्हणता येत नाही.

मला एवढेच सांगायचे होते. आज इथे पालक आहेत, शिक्षक आहेत, शिकवण्या घेणारी तरुण मंडळीही आहेत. आपल्या घरातले मूल उद्या म्हणेल की आयताला चार अक्ष असतात. त्याला ‘चूक’ म्हणून सांगू नका. हातात कागद द्या. आणि एखादे मूल म्हणेल की समांतरभुज चौकोन सममित आहे, तर फुली मारण्याआधी त्याला विचारा, ‘तू काय करून पाहिलेस?’ घडी घातली असेल तर त्याची चूक त्याला आपोआप दिसेल. टाचणी टोचली असेल तर आपली आपल्याला दिसेल.

 पत्रके घड्या पडून खराब झाली असतील, त्याचा दोष चालकांनी माझ्यावर घालावा.